ऐकू न येणारी कात्री : पॉडकास्ट एडिटरसाठी चटपटीत पुरचुंडी

पॉडकास्ट ऐकून झाला की लोकांना पाहुणा आठवतो, सूत्रसंचालकाचा आवाज आठवतो, सुरुवातीची धूनही आठवते. एडिटर मात्र कुणाला आठवत नाही. काट कुठे मारली हे कळलंच नाही, तर काम फत्ते! पण जे काम ऐकू येत नाही त्याची किंमतही क्लायंटला आपोआप कळत नाही, ती आपणच सांगावी लागते. म्हणून या पुरचुंडीत कारागिरी आणि हिशेब दोन्ही बांधले आहेत.

१. एका सेकंदाची लांबी ३८ सेंटिमीटर

रेडिओच्या जमान्यात आवाज खरोखर ब्लेडने कापायचे. स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावे, त्यामुळे बोलणाऱ्याने अर्धा सेकंद श्वास घेतला की १९ सेंटिमीटरची पट्टी कापून टाकावी लागे. ही काट सरळ न मारता बहुतेकदा ४५ अंशांत तिरकी मारत. एक आवाज विरत जातो आणि दुसरा उमलत येतो, त्यामुळे सांध्यावर ‘टक्’ असा आवाज होत नाही. आजचा क्रॉसफेड म्हणजे तीच तिरकी काट. बोलण्यातल्या प्रत्येक सांध्याला पाच ते वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या आणि लहर शून्य रेषेवर असेल तिथे कापा. निम्मे खटके तिथेच मिटतात.

२. हत्यारांच्या कुंडल्या

ऑडॅसिटीचं काम १९९९ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं. २००० च्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुलं झालं आणि आजही फुकट आहे. रीपर बनवणारे जस्टिन फ्रँकल हे विनॅम्पचे जनक. एका पिढीने संगणकावर गाणी ज्यावर ऐकली, तेच हे विनॅम्प. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि छोट्या व्यावसायिकासाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा आहे. अडोबी ऑडिशनचं मूळ नाव कूल एडिट. अडोबीने ते २००३ मध्ये विकत घेतलं. मजकुरातला शब्द खोडला की आवाजातलाही शब्द कापणारं डिस्क्रिप्ट उभं केलं अँड्र्यू मेसन यांनी, म्हणजे ग्रुपॉनच्या संस्थापकांनी. सुरुवात करणाऱ्याने यातलं एकच निवडावं आणि त्याचे कीबोर्ड शॉर्टकट बोटांत बसवावेत. माउसने होणारं काम कीबोर्डने केलं की दिवसाचे तास वाचतात.

३. अपघाताचं नाव लावणारं सॉफ्टवेअर

रेडिओ पत्रकारांसाठी बनलेल्या डॅनिश सॉफ्टवेअरचं नाव आहे हिंडेनबर्ग. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज पेटलं, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन यांनी केलेलं वर्णन जगभर गाजलं. ते थेट प्रक्षेपण नव्हतं. तबकडीवर ध्वनिमुद्रित झालं आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी ऐकलं. यंत्राचा वेग थोडा चुकल्यामुळे मॉरिसन यांचा आवाज मूळ आवाजापेक्षा चढा ऐकू येतो.

ही चूक आजही होते, फक्त तिचं नाव बदललंय : सॅम्पल रेट. ४४.१ किलोहर्ट्झची एक तासाची फाइल सॉफ्टवेअरने ४८ ची समजून वाजवली, तर ती ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपते आणि पाहुण्याचा आवाज चिरका होतो. फाइल हातात आली की आधी सॅम्पल रेट पाहा, मगच कात्री उचला.

४. गुणगुण ५० ची की ६० ची?

ट्यूटोरियल अमेरिकन असेल, तर तिथला शिक्षक वायरिंगमधून येणारी गुणगुण ६० हर्ट्झवर शोधायला सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची! म्हणून नाशिक-कोल्हापूरकडच्या फाइलमध्ये नॉच फिल्टर ५०, १०० आणि १५० वर लावा. क्लायंट न्यू जर्सीतला मराठी माणूस असेल, तर मात्र ६०, १२० आणि १८०.

५. डॉल्बी आणि चंदीगड

टेपची खरखर कमी करणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते. खरखर हटवण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात घोळू लागली ती याच मुक्कामात. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा थाटली. आज हे काम एका बटणावर होतं आणि धोकाही तिथेच आहे. नॉइज रिडक्शन जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. दोन हलके हात मारा, एक जड हात नको. मुलाखतीआधी सगळ्यांना वीस-तीस सेकंद गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज मुद्रित करायला सांगा. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना मिळतो आणि सांध्यातली भोकं बुजवायला तोच तुकडा कामी येतो.

६. फणस, भाकरी आणि माइक

मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर. ‘फ’, ‘भ’ आणि अल्पप्राण असूनही ‘प’, ‘ब’ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि ‘धप्’ असा आवाज येतो. पाहुण्याला माइक तोंडासमोर न धरता थोडा तिरका ठेवायला सांगा. तरीही धपधप उरलीच, तर साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढा. भाषणाचं त्यात फार काही जात नाही. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर डी-एसर वापरा, पण बेताने. नाहीतर वक्ता बोबडा होतो.

७. ‘तर’ कापण्याआधी वाक्य ऐका

आपोआप फिलर काढणारी साधनं मुख्यतः इंग्रजीच्या सवयींवर घडलेली आहेत. मराठीत ‘म्हणजे’ आणि ‘तर’ कधी नुसता टेकू असतात, तर कधी अर्थाचा कणा. ‘पाऊस आला तर पेरणी होईल’ यातला ‘तर’ गेला की वाक्यच कोसळतं. सगळे अडखळे पुसून माणसाला गुळगुळीत करू नका. आजीने आठवण सांगताना घेतलेला थांबा हा आशयच आहे. ऐकणाऱ्याची वाट अडवणारे अडखळे काढा, बोलणाऱ्याचा स्वभाव दाखवणारे ठेवा.

८. उणे सोळाचा आकडा

ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस आहे : एकूण लाउडनेस उणे १६ एलकेएफएसच्या आसपास, एक डेसिबल इकडे-तिकडे, आणि ट्रू पीक उणे १ डीबीच्या वर नको. एलकेएफएस आणि एलयूएफएस ही एकाच मापाची दोन नावं आहेत. एवढं सांभाळलं की लोकलमधल्या श्रोत्याला दर पाच मिनिटांनी आवाज कमी-जास्त करावा लागत नाही.

जोडीला कानाचं गुपित. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाजाची पातळी बदलली की कानाला खर्ज आणि टीप वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. म्हणून हेडफोनची पातळी एकच ठरवा आणि सगळं काम त्याच पातळीवर करा.

९. टाळीचं महत्त्व

दूर बसलेल्या दोघांची मुलाखत असेल, तर दोघांनी आपापल्या यंत्रावर स्वतंत्र मुद्रण करावं. इंटरनेट तुटलं तरी आवाज शाबूत राहतो. मात्र प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक पडला, तरी तासाअखेरीस दोन ट्रॅक १८० मिलिसेकंदांनी सरकतात आणि हसू विनोदाच्या आधीच ऐकू येऊ लागतं. उपाय फुकटचा आहे. मुलाखतीच्या सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. दोन्ही टाळ्या जुळवल्या की मधलं सगळं जुळतं.

१०. ६३५ विरुद्ध ५८

एका तासाची स्टीरिओ वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची, साधारण ६३५ एमबीची होते. तीच १२८ केबीपीएसची एमपी३ झाली की जेमतेम ५८ एमबी. एमपी३ घडवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग यांनी सुझॅन वेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेलं गाणं कसोटीसाठी वापरलं, कारण उघडा मानवी आवाज दाबताना चूक लगेच पकडली जाते. पॉडकास्ट म्हणजे बहुतांश उघडा आवाजच, त्यामुळे एडिट नेहमी वेव्हवर करा. एमपी३ फक्त शेवटी, एकदाच.

११. तीस सेकंदांची थाप

‘गाण्याचे तीस सेकंद वापरले तर चालतात’ असं सर्रास सांगितलं जातं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी कुठलीही सूट नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. गाणं हवं असेल तर परवाना घ्या, नाहीतर एखाद्या तरुण संगीतकाराला पैसे देऊन धून करून घ्या.

१२. दर मिनिटाचा की तासाचा?

‘एका एपिसोडचे इतके’ असं मोघम बोलणं फ्रीलान्सरला महागात पडतं. वीस मिनिटांचा एपिसोड कधी पंचवीस मिनिटांच्या रॉ फाइलमधून निघतो, कधी दीड तासाच्या. म्हणून दर रॉ फाइलच्या मिनिटांवर ठरवा. करार एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात चार गोष्टी हव्यातच : रॉ फाइलची कमाल लांबी, किती वेळा दुरुस्ती फुकट, फाइल मिळाल्यापासून किती दिवसांत काम, आणि ॲडव्हान्स किती. रील्ससाठी छोटे तुकडे, शो नोट्स आणि मजकूर उतरवणं ही वेगळी कामं आहेत, त्यांचे दरही वेगळे लिहा.

१३. पंचेचाळीस दिवसांचं कवच

हे फार थोड्या एडिटरना ठाऊक असतं. ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे खरेदीदाराने कराराप्रमाणे, पण फार तर ४५ दिवसांत द्यायलाच हवेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. मुदतीचा लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम देण्याआधी झालेली हवी आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्र आणि गोव्यात सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. डॉलरमध्ये पैसे येत असतील, तर सीएला एकदा भेटाच.

१४. ३१ मार्चचा दुहेरी मुहूर्त

आपलं आर्थिक वर्ष संपतं, त्याच दिवशी जागतिक बॅकअप दिनही असतो. नियम सोपा : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. पाहुणा पुन्हा मिळेल, पण त्या दुपारी तो जे बोलला ते पुन्हा मिळणार नाही.

आता एक आग्रहाचं सांगणं. पुढच्या एपिसोडच्या शो नोट्समध्ये ‘ध्वनिसंपादन’ असं लिहून त्यापुढे आपलं नाव टाकायला सांगा, आणि ही अट करारातच घाला. मराठीत चांगलं बोलणारे उदंड आहेत. त्यांचं बोलणं नीट ऐकवणाऱ्यांनीही आता आपलं नाव आणि आपला दर स्पष्ट सांगायला हवा.