परसातली रात्र

यंदा पावसाळ्याआधी आमच्या वस्तीमागचा नाला बांधून काढला. दोन्ही काठ उभे काँक्रीटचे, तळही काँक्रीटचा, वर जाळीचं कुंपण आणि कोपऱ्यात हायमास्टचा पांढरा झोत. काठावरची करंजं, बाभळी, घाणेरीची जाळी असं सगळं जेसीबीने एका दुपारीत उपटून टाकलं. लोकांनी मोबाईलवर फोटो फिरवले, किती मोकळं वाटतंय म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं. मला त्या फोटोंकडे बघवलं नाही. जळगावच्या या बाजूने गिरणेकडे उतरणारा तो नाला म्हणजे आमच्या परसात रात्री येणाऱ्या प्रत्येक जिवाची पायवाट होती. ती बंद करताना कुणालाही विचारावंसं वाटलं नाही, आणि वस्तीतल्या कुणी विचारलंही नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

खान्देशातली जनावरं म्हटलं की लोक थेट वाघाकडे धावतात. इंग्रज अमदानीत १८२५ पासून जेम्स औट्रम इथे भिल्लांची पलटण उभी करत होता आणि सातपुड्यात, अजिंठ्याच्या डोंगरात वाघ मारत होता. त्या शिकारींची वर्णनं मी वाचली आहेत, सगळी एकसारखी आहेत. पुढे १९६९ साली यावलचं अभयारण्य झालं, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिरपूरकडे अनेरचं अभयारण्य झालं, अलीकडे मुक्ताईनगरकडच्या वाघांची चर्चा असते. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण त्या सगळ्यात जनावर दूर कुठेतरी राहतं आणि माणूस जीप घेऊन त्याला बघायला जातो. माझं प्रेम जडलं ते घरामागे, धुणं वाळत घालायच्या दोरीखालून जाणाऱ्या जनावरांवर. आणि ते जडलं साधारण एका दशकात, १९९२ पासून शहराची महानगरपालिका झाली त्या २००३ पर्यंत.

आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा आजूबाजूचं सगळं लेआउट कागदावरच होतं. आखणीचे दगड रोवलेले, मध्ये कुसळी गवत, पलीकडे कपाशीचं शेत आणि त्यापलीकडे नाला. परसाला तारेचं कुंपण होतं, भिंत नव्हती. आम्ही पपई, पेरू, सीताफळ लावलं, बोराचं झाड आधीपासून होतं. आणि आम्ही बाहेर झोपायचो. जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात. घरात झोपणं शक्यच नसे. चैत्र लागला की सगळ्यांच्या बाजा परसात यायच्या. बाजेवर झोपायचं याला आणखी एक कारण होतं. मण्यार रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश कळतही नाही. ते भान ठेवून, उशाशी बॅटरी ठेवून आम्ही झोपत असू. त्या उन्हाळ्यांनीच मला ही रात्र दाखवली.

पहिलं ओळखीचं झालं ते उदमांजर. पपई पिवळी पडायला लागली की ते यायचंच. कुंपणाच्या खांबावरून पेरूवर, पेरूवरून पपईवर. खाली येतानाही डोकं खाली करून सरसर उतरायचं. काळपट राखाडी अंग, लांब शेपूट, डोळ्यांभोवती काळा पट्टा. ते पपई अर्धी खायचं, उरलेली अर्धी दुसऱ्या रात्री. सकाळी पाण्याच्या टाकीवर त्याची बियांनी भरलेली विष्ठा असे आणि पावसाळ्यात तिथल्या कचऱ्यातूनही रोपं उगवत. नाल्याकाठची किती उंबरं, किती जांभळं या प्राण्याने लावली असतील! आणि ती झाडं तोडताना त्यांची नोंद 'झुडपं' अशी झाली.

साळिंदर क्वचित यायचं, पण आलं की कळायचंच. शेपटीचे पोकळ काटे एकमेकांवर आपटून होणारी खुळखुळ एकदा ऐकली की माणूस विसरत नाही. ती बहुधा जोडीने येत. रताळ्याचा वाफा त्यांनी पार उकरून टाकला तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. पुढच्या वर्षी आम्ही वाफा अंगणाकडे हलवला आणि मागे पडलेले काळे-पांढरे काटे मुलांनी कंपासपेटीत जपले. रानमांजर मात्र फक्त पाण्यासाठी यायचं. पेरूखाली मातीचं एक पसरट भांडं भरून ठेवलेलं असे. खायला आम्ही कधीच काही ठेवलं नाही आणि आजही मी त्याच मताची आहे. वाढलेल्या अन्नावर जनावर लाचार होतं आणि मग एक दिवस त्याच अन्नाच्या वासावर मारलं जातं. पाण्याचं तसं नाही. वैशाखात नाला कोरडा पडला की त्या भांड्यापाशी पाळी लागायची. मांजर गेल्यावर काही वेळाने मुंगूस, आणि तोवर उजाडलेलं असे.

धुळ्याला माझी आत्या देवपूरला राहायची, तेव्हा वस्तीच्या शेवटच्या ओळीत. तिथून नकाण्याच्या तलावाकडे सगळं माळरान. तिच्याकडे गेले की दिवेलागणीनंतर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकायला मिळायची. एक सुरू करी, मग लांबवर दुसरी टोळी उत्तर देई. हिवाळ्यात तिच्या बोरीखाली खोकड यायचं, कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं. ते पडलेली बोरं वेचायचं आणि मध्येच थांबून मातीतली वाळवी खायचं. आत्या ओट्यावर बसून बघत राही. शेजारच्या बाई दगड उचलायला लागल्या की ती म्हणे, "जनावर शे माय, उनं तसं निंघी जाई." यापेक्षा शहाणं वाक्य वन्यजीवांवर मी कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही.

इकडे आमच्याकडे मार्गशीर्षात भरताच्या पार्ट्या व्हायच्या. परसात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी, मिरच्या, शेंगदाणे. धूर निवला की गारठ्यात गप्पा रंगत आणि समोरच्या विजेच्या खांबावर पिंगळ्यांची जोडी चरचरत बसे. त्याच खांबाशेजारच्या पडक्या खोलीत गव्हाणी घुबडाचं बिऱ्हाड होतं. उंदीर हेच त्याचं मुख्य अन्न. आमच्या भागात तेव्हा साठवलेल्या दाण्याला उंदरांचा उपद्रव कमी होता, त्यात त्या बिऱ्हाडाचा वाटा मोठा होता. एका दिवाळीच्या आधी कुणीतरी पिल्लं काढून नेली. अमावास्येला घुबड लागतं म्हणणारे मांत्रिक आणि त्यांना पैसे मोजणारे शिकलेले लोक, दोघांनाही मी आजवर क्षमा केलेली नाही. पुढे एकाने डुकरांसाठी म्हणून विष कालवलेलं पीठ कुंपणाशी ठेवलं. डुक्कर मेलंच नाही, रानमांजर मेलं. तो गृहस्थ आज पर्यावरणावर व्याख्यानं देतो.

सकाळी उठलं की पहिलं काम असे ठसे बघणं. परसातली काळी माती धुळीने मऊ झालेली असायची आणि रात्रीचा सगळा वावर तिथे उमटलेला. मांजराच्या ठशात चार बोटं, नखं नाहीत. कोल्ह्याच्या चार बोटांना नखं. उदमांजराची पाच बोटं. माझी मुलं अक्षरांआधी हे वाचायला शिकली. मग घरोघर पेव्हर ब्लॉक आले आणि मातीच झाकली गेली. जनावर येऊन गेलं तरी आता पत्ता लागत नाही.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं कमी आहे. शहर महापालिका झालं, कपाशीचं शेत विकलं गेलं, तारेच्या कुंपणाजागी सहा फुटी भिंती आल्या. आधी कूलर, मग एसी. एसी आला आणि बाजा माळ्यावर गेल्या. माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं. बाहेर झोपणारा माणूस रात्रीला घाबरत नव्हता, कारण तो तिला ओळखत होता. खिडक्या लावून झोपणारी माणसं भिंतीवरच्या सावलीलाही बिबट्या म्हणू लागली. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, अखेर डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. ती भीती खरी होती, त्या घरांचं दुःख खरं होतं. पण त्यानंतर आमच्याकडे तरसाचा, कुत्र्याचा ठसाही बिबट्याचा म्हणून छापला जाऊ लागला. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, एवढं तपासायचे कष्टही कुणी घेतले नाहीत.

मग पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. पांढऱ्या प्रकाशातल्या निळ्या भागाकडे किडे जास्त ओढले जातात, अनेक वटवाघळं मात्र उजेड टाळतात आणि वाटाच बदलतात. पूर्वी वळवाचा पहिला पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे सगळ्या परसात उठत आणि बेडूक, पाली, पिंगळे रात्रभर जेवत. आता ते सारे किडे हायमास्टखाली मरून पडतात आणि सकाळी झाडूने गोळा होतात. मोठ्या फळखाऊ वटवाघळांना तर २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याने उंदरांच्या, कावळ्यांच्या पंक्तीत उपद्रवी म्हणून बसवलं होतं. तीच वटवाघळं सातपुड्यातल्या मोहाच्या फुलांवर येतात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

उदमांजर अजून आहे. या श्रावणात ते आमच्या भिंतीवर दिसलं, शेजारच्या पत्र्यावरून आलं होतं. नाल्याची वाट गेल्यावर त्याने छतांची वाट धरली आहे, केबलच्या तारांवरून रस्ता ओलांडतं. साळिंदराला हे जमणार नाही, खोकडाला जमणार नाही. उभ्या काँक्रीटमध्ये उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. भाद्रपदात एक घोरपड तिथे अडकून मेली.

वस्तीची बैठक येत्या रविवारी आहे आणि मी लेखी मागणी देणार आहे. नाल्याच्या काठाला थोड्या थोड्या अंतरावर दगडांचा उतार करून द्यावा. जाळीच्या खालच्या बाजूला वीतभर मोकळी जागा सोडावी. हायमास्टला खाली वळवलेलं झाकण बसवावं आणि अकरानंतर तो बंद ठेवावा. ओपन स्पेसच्या मागच्या पट्ट्यात फरशी न घालता उंबर, करंज, बोर लावावी आणि गवत कापू नये. खर्च हायमास्टच्या खर्चाहून कितीतरी कमी आहे. गेल्या बैठकीत हा विषय वेळ नाही म्हणून वगळला होता. या वेळी मी तो पहिल्या क्रमांकावर लिहून दिला आहे आणि सही करायला तयार असलेली सहा घरंही मिळाली आहेत.