शेवटच्या आजाराची वार्ता

घरांतील आजोबांनीं अंथरूण धरलें म्हणजे सर्व घर त्यांच्या खाटेभोंवतीं गोळा होतें. औषध कोणीं द्यावयाचें, रात्रीं कोणीं जागावयाचें, डॉक्टरांना बोलावणें केव्हां पाठवावयाचें, या व्यवस्थेंत दिवस उगवतो आणि मावळतो. या धांवपळींत एक काम मात्र बहुधा कोणाकडेच सोंपविलेलें नसतें. तें काम म्हणजे परगांवच्या माणसांना खबर देण्याचें. ज्याला वेळ सांपडेल त्यानें चार ओळी खरडाव्या, किंवा जो फोनपाशीं असेल त्यानें सुचेल तें सांगावें, अशी सर्वत्र रीत आहे. या रीतीचा सल पुढें कित्येक वर्षें घरांत राहतो. "मला वेळेवर कां कळविलें नाहीं ?" असें धाकट्या भावानें थोरल्याला तेराव्या दिवशीं विचारावें आणि त्याच्यापाशीं उत्तर नसावें, हें दृश्य महाराष्ट्रांतील थोड्याच घरांना अपरिचित असेल.

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी, हिंगणघाट, देवळी अशा गांवीं हा प्रश्न विशेष तीव्रतेनें उभा राहतो. मुंबई-नागपूर लोहमार्ग या जिल्ह्यांतून जातो आणि येथूनच दक्षिणेकडे बल्लारशाहची वाट फुटते. त्यामुळें येथलीं मुलें शिकलीं कीं गाडींत बसून नागपूर, मुंबई, पुणें, हैदराबाद गांठतात. आतां तर नातवंडें समुद्रापलीकडे असतात. मुंबई वर्ध्याहून सुमारें ७५० किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. आर्वीचा माणूस पूर्वी पुलगांवीं उतरून अरुंद रुळांच्या लहान गाडीनें घरीं जात असे. खबर एक दिवस उशिरां निघाली तर माणूस एक दिवस उशिरां पोंचतो, हा हिशेब साधा आहे. परंतु शेवटच्या आजारांत त्या एका दिवसावरच सर्व कांहीं अवलंबून असतें.

खबर पोंचविण्याचीं साधनें पूर्वी दोनच होतीं. हिंदुस्थानांत तारायंत्र सामान्य जनतेला खुलें झालें तें १८५५ सालीं आणि पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें तें १८७९ सालीं. कार्डावर मजकूर उघडा असे. तो पोस्टमननें वाचावा, शेजाऱ्यानें वाचावा. मृत्यूच्या बातमीचें कार्ड असल्यास त्याचा कोपरा फाडीत, वर 'श्री' घालीत नसत, आणि वाचून होतांच तें फाडून टाकीत. तारेची तऱ्हा निराळी. तिला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून शब्द कमी. आणि शब्द कमी म्हणून अर्थ संदिग्ध. "आजोबा गंभीर, ताबडतोब निघा" या आशयाच्या तारा हजारों घरांतून गेल्या. गंमत अशी, किंवा खरें म्हणजे दुःखाची गोष्ट अशी, कीं यांतील कित्येक तारा सुटल्या त्या वेळीं आजोबा गेलेले असत. प्रवासांत माणसाला धक्का बसूं नये म्हणून मृत्यूऐवजीं 'गंभीर' हा शब्द घालण्याचा प्रघातच पडला होता. हेतु दयाळूपणाचा. परिणाम मात्र असा झाला कीं खरोखरच गंभीर आजाराची तार आली तरी घेणारा ती मृत्यूचीच समजे, आणि मृत्यूची आली तरी रात्रभर गाडींत खिडकीशीं बसून आशा धरी. एकाच शब्दाला दोन अर्थ दिले कीं तो शब्द दोन्ही ठिकाणीं निकामी होतो.

आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहण्याचे दिवसहि गेले. आतां खिशांतल्या फोनवरून क्षणांत बोलणें होतें. तरी जुना दोष गेला नाहीं. त्यानें रूप पालटलें इतकेंच. पूर्वी बातमी तुटपुंजी येई. आतां ती दहा तोंडांनीं येते. सून म्हणते आज दोन घांस गेले, पुतण्या म्हणतो आतां कांहीं खरें नाहीं, शेजारी म्हणतात डॉक्टरांनीं आशा दिली आहे. दूर बसलेला मुलगा या तिघांची बेरीज करीत राहतो आणि रजेचा अर्ज लिहावा कीं न लिहावा हें त्याला ठरवितां येत नाहीं.

वार्ता कशी द्यावी याचा एक धडा वर्धा जिल्ह्याशीं कायमचा जोडला गेलेला आहे. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध असतां गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई अचानक मरण पावले. त्यांचें वय अवघें पन्नास. त्यांच्या पत्नी दुर्गाबेन व मुलगा नारायण सेवाग्रामला होते. गांधीजींनीं आश्रमाकडे धाडण्यासाठीं तारेचा मजकूर लिहून दिला. शब्दांना पैसे पडतात याची पर्वा त्यांत दिसत नाहीं. महादेव आदल्या रात्रीं नीट झोंपले, सकाळीं न्याहारी केली, बरोबर फिरावयास आले. डॉक्टरांनीं शक्य तें सर्व केलें. देहाला स्नान कोणीं घातलें. तो फुलांनीं झांकलेला आहे, उदबत्ती जळत आहे, गीतापठण चाललें आहे. दहन समोरच होईल, अस्थि जपून ठेवल्या जातील. दुर्गानें आश्रमांत राहावें, पण माहेरच्या माणसांकडे जावेंसें वाटल्यास जावें. एवढें सारें एका तारेंत आहे. सांत्वनाचे शब्दहि आहेत. परंतु त्यांच्याआधीं हकीकत आहे. जें पाहावयाला पत्नी व मुलगा हजर नव्हते तें त्यांना शब्दांनीं दाखविलें आहे, आणि पुढें काय करावें तें सांगून निवड त्यांच्या हातीं ठेवली आहे. दुर्दैव असें कीं सरकारनें तो मजकूर तारेनें न पाठवितां टपालानें पाठविला आणि तो सेवाग्रामला फार उशिरां पोंचला.

त्याच वाड्यांत पुढें कस्तुरबांचें शेवटचें दुखणें झालें. १९४३ च्या अखेरीपासून त्यांचें हृदय थकत चाललें होतें, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांनीं देह ठेवला. त्यांचें घर सेवाग्रामचें. परंतु भेटीला कोणीं यावें, शुश्रूषेला कोणीं राहावें, वैद्य कोणता आणावा, यांतील प्रत्येक गोष्टीसाठीं सरकारी परवानगी लागे. वैद्य शिव शर्मांना रात्रीं आंत राहण्याची मुभा नव्हती म्हणून त्यांनीं दाराबाहेर आपल्या मोटारींत रात्री काढल्या. मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत ब्रिटिश पार्लमेंटमध्यें सांगण्यांत आलें कीं बाईंना शक्य ती सर्व वैद्यकीय मदत मिळत होती. गांधीजींनीं पत्र लिहून या विधानाला हरकत घेतली. वास्तविक बाई तर गेल्या होत्या. विधान दुरुस्त झाल्यानें त्या परत येणार नव्हत्या. तरी हरकत घेतली, कारण आजाऱ्याची खरी हकीकत ही त्याच्या माणसांची ठेव असते. रोज्यापाशीं बसलेल्यांनीं जें पाहिलें त्याहून निराळें कांहीं बाहेर सांगितलें गेलें तर त्या ठेवीचा अपहार होतो.

आतां तिसरें उदाहरण. वर्ध्याजवळ धाम नदीच्या कांठीं पवनारचा आश्रम आहे. आचार्य विनोबा भावे तेथें १९३८ पासून राहूं लागले. १९५१ ते १९६४ अशीं तेरा वर्षें ते भूदानासाठीं देशभर पायीं हिंडले, आणि १९७० मध्यें क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारलाच स्थिर झाले. त्यांना स्वतःचा संसार नव्हता. परंतु १९५९ मध्यें स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या-मंदिरांतील भगिनी हें त्यांचें घर होतें, आणि प्रांतोप्रांतीं विखुरलेले कार्यकर्ते हे त्या घरचे परगांवीं असलेले मुलगे-नातू. ५ नोव्हेंबर १९८२ रोजीं सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले. ८ तारखेपासून त्यांनीं अन्न, पाणी व औषध घेणें थांबविलें. डॉक्टरांनीं सांगून पाहिलें, स्नेह्यांनीं विनविलें. उपयोग झाला नाहीं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशीं सकाळीं, ते गेले.

अशा वेळीं घरानें बाहेर काय कळवावें ? "प्रकृति खालावत आहे" असें म्हणणें खोटें नव्हे, पण पुरेसेंहि नव्हे. ज्यानें अन्न सोडलें आहे त्याची प्रकृति खालावणारच. सांगावयाची गोष्ट ही कीं त्यांनीं ठरविलें आहे, आणि जवळचीं माणसें तो निश्चय मोडावयास लावीत नाहींत. पवनारला हें उघडपणें बोललें गेलें. देशभर वृत्तपत्रांतून वाचलें गेलें. त्यावर वादहि झाला. तथापि त्या आठवड्यांत ज्याला यावयाचें होतें त्याला आपण कशासाठीं निघालों आहोंत हें ठाऊक होतें. बरें करण्यासाठीं नव्हे, पाहण्यासाठीं. सामान्य घरांत नेमकें हेंच झांकून ठेवलें जातें. आजोबा "आतां मला दवाखान्यांत नेऊं नका" म्हणाले, हें जवळच्या मुलाला ठाऊक असतें, दूरच्याला नसतें. मग दूरचा येऊन भांडतो कीं दवाखान्यांत कां नेलें नाहीं. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मरणोन्मुख माणसाच्या आधीं लिहून ठेवलेल्या इच्छेला कायद्याची मान्यता दिली, आणि २०२३ मध्यें तिची रीत सोपी केली. परंतु लेख कपाटांत असून उपयोग नाहीं. आजोबांची इच्छा ते शुद्धीवर असतांनाच सर्व मुलांच्या कानांवर गेली पाहिजे, आणि शक्य तर त्यांच्याच तोंडून.

व्यवहाराची गोष्ट अशी कीं खबर देण्याचें काम एकाकडे असावें आणि त्याची वेळ ठरलेली असावी. रोज सायंकाळीं डॉक्टर येऊन गेल्यावर एकानें सर्वांना एकच मजकूर कळवावा. हा माणूस शुश्रूषा करणारा नसलेला बरा. ज्यानें रात्र जागून काढली त्याच्याकडून दहा फोनांची अपेक्षा करणें निर्दयपणाचें आहे. पुष्कळ घरांत हें काम कॉलेजांत शिकणाऱ्या नातीला उत्तम जमतें. तिच्या मजकुरांत विशेषणें नकोत. 'बरी आहे', 'तशीच आहे' या शब्दांनीं कांहीं कळत नाहीं. आजोबा आज किती वेळ जागे होते, माणसें ओळखलीं का, वेदना आहेत का, श्वास कसा चालला आहे, डॉक्टरांनीं नेमकें काय सांगितलें, एवढें लिहिलें कीं वाचणाऱ्याला खाट दिसूं लागते.

दूरचीं माणसें पहिला प्रश्न विचारतात तो जेवणाचा. "कांहीं खाल्लें का ?" नाहीं म्हटलें कीं जवळच्यांना अपराधी वाटतें आणि दूरच्यांना राग येतो. म्हणून हें समजून घेणें अवश्य आहे कीं शेवटच्या दिवसांत भूक जाणें हा बहुधा आजाराच्या शेवटाचाच भाग असतो. शरीराला अन्नाची गरज उरत नाहीं आणि गिळण्याची शक्तीहि कमी होते. त्या अवस्थेंत बळेंच भरविलेला घांस श्वासनलिकेंत जाऊन अपाय करतो. ओठ ओले ठेवणें, तोंड स्वच्छ ठेवणें, हीच तेव्हांची सेवा. झोंप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास कांहीं काळ थांबून पुन्हां सुरू होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हें भयंकर वाटतें. आधीं कळलें असलें तर तितकें वाटत नाहीं. म्हणूनच येणाऱ्याला तें आधींच सांगून ठेवावें.

सर्वांत अवघड प्रश्न 'या' असें केव्हां म्हणावें हा. डॉक्टर दिवस सांगत नाहींत, आणि सांगूंहि शकत नाहींत. घरचा माणूस भितो कीं उगाच बोलावलें आणि आजोबा सांवरले तर भाड्याचे पैसे आणि रजा फुकट गेली असें म्हणतील. म्हणोत. सांवरलेल्या आजोबांना भेटून परत गेलेल्याची तक्रार दोन दिवस टिकते. आणि जो येऊंच शकत नाहीं, परदेशांत आहे, नोकरींत अडकला आहे, त्याच्यासाठींहि वाट आहे. वार्ता एकाच दिशेनें जावी असा नियम नाहीं. त्याचें पत्र आजोबांना वाचून दाखवावें, त्याचा आवाज त्यांच्या कानाशीं धरावा. डोळे मिटलेल्या माणसालाहि ऐकूं येत असतें, असा शुश्रूषा करणाऱ्यांचा अनुभव आहे. याच कारणासाठीं खाटेपाशीं उभें राहून "आतां कांहीं तासांचेच" असें कुजबुजत फोनवर सांगूं नये. तेवढ्यासाठीं ओसरीवर जावें.

शेवटची खबर देतांना 'गेले' हाच शब्द वापरावा आणि वेळ लिहावी. यांत धर्मशास्त्राचीहि सोय आहे. दहा दिवसांच्या आंत कळलें तर उरलेल्या दिवसांचें सुतक, दहा दिवसांनंतर कळलें तर तीन रात्रींचें, आणि वर्ष उलटल्यावर कळलें तर केवळ स्नान, असा मनुस्मृतीचा निर्णय आहे. दूर देशीं राहणाऱ्या माणसाला बातमी उशिरां पोंचणार हें त्या काळींहि गृहीत धरलेलें होतें. वर्षश्राद्ध तिथीवर चालतें आणि तिथि मध्यरात्रीं बदलत नाहीं. म्हणून पहांटेची वेळ असेल तर घड्याळ पाहून तास-मिनिटांसह कळवावें, आणि तोच कागद पंचांगाच्या पानांत घालून ठेवावा.