कावळा शिवत नाही!

पूर्वी घरातली बाई महिन्यातून तीन-चार दिवस कोपऱ्यात बसायची. "ती आपल्याला शिवत का नाही?" असं मुलांनी विचारलं, की उत्तर ठरलेलं : "तिला कावळा शिवलाय!" मुलं बिचारी कावळ्यालाच घाबरायची. आता बाजूला बसणं बऱ्याच घरांतून गेलं, पण खरं उत्तर टाळायची सवय काही गेली नाही.

समजा, तिसरीतल्या एका मुलीच्या छातीत छोटीशी गाठ लागली, ती दुखायलाही लागली. तिला वाटतं, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. आईला विचारावं, तर "हळू बोल!" मग ती एकटीच रडते.

खरी गोष्ट अगदी साधी आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. मेंदूचा इशारा मिळाला, की ती रक्तातून निरोप धाडते. मुलींच्या बीजकोशांना आणि मुलांच्या वृषणांना ती सांगते, "चला, कामाला लागा!" मग उंची वाढते, काखेत केस येतात, मुलांचा आवाज फुटतो. छाती वाढू लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी मुलींना पाळी येते. ही सुरुवात मुलींमध्ये बहुधा ८ ते १३ व्या आणि मुलांमध्ये ९ ते १४ व्या वर्षी होते. कुणी आधी, कुणी नंतर. ही काही शर्यत नव्हे!

मुलीला ८ किंवा मुलाला ९ वर्षं पूर्ण होण्याआधीच हे बदल दिसले, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. बहुतेक मुलींमध्ये काही आजार सापडत नाही. मुलांच्या बाबतीत तर चालढकल नकोच. हाडं लवकर पक्की झाली, तर पुढे उंची कमी राहू शकते. गरज असेल तर इंजेक्शनं देऊन हे बदल काही काळ थांबवता येतात.

आई-बाबांनो, शरीर पुढे धावलं तरी मन आठ वर्षांचंच असतं. "आता मोठी झालीस" म्हणून तिची लगोरी बंद करू नका. पाळीबद्दल ती येण्याआधीच सांगा, बाकावर डाग पडल्यावर नव्हे. मुलग्यांनाही सांगा, म्हणजे तो डाग पाहून ते हसणार नाहीत.

आणि दोस्तांनो, कुणी पुन्हा कावळ्याचं नाव सांगितलं, तर खुशाल म्हणा, "कावळ्याचं राहू द्या, खरं काय ते सांगा!"