भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटर

नोव्हेंबर १९८१ मध्ये दिल्लीहून किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र गेलं. सही पंतप्रधान इंदिरा गांधींची. मजकुराचा सारांश असा, की भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथपासून आतली पाचशे मीटर जमीन बांधकामापासून मोकळी ठेवा. महाराष्ट्रात तेव्हा बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते, म्हणजे कोकणचाच माणूस. पत्राला कायद्याचं बळ नव्हतं. ते यायला दहा वर्षं लागली. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, तीच ही आपली 'सीआरझेड'. कोकणच्या किनाऱ्यावर आजही मैलोगणती सुरूची बनं आणि मोकळी पुळण दिसते, त्यात या पाचशे मीटरांचा वाटा आहे.

पर्यावरणासाठी एखाद्या नेत्याला शाबासकी द्यायची तर ती अशा कागदासाठी द्यावी. प्रत्यक्षात आपण ती देतो ५ जूनच्या, पर्यावरण दिनाच्या फोटोला. रोप, झारी, मागे उभे कार्यकर्ते. २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या राज्याने ३३ कोटी रोपं लावण्याचा संकल्प सोडला, त्याचा केवढा गाजावाजा झाला! पुढे सरकार बदललं आणि त्याच लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. आपली टीकाही तितकीच वरवरची असते. ताफ्यात गाड्या किती, हेलिकॉप्टर कितीदा उडालं, बंगल्यावर एसी किती, हे आपण मोजत बसतो. उधळपट्टी म्हणून ते जरूर मोजावं. पण मंत्र्याने आयुष्यभर जाळलेलं पेट्रोल एका पारड्यात घाला आणि खाडी बुजवायला परवानगी देणारी त्याची एकच सही दुसऱ्यात. पारडं कुठे झुकेल हे सांगायला नको.

सहीचा हिशेब मांडायला बसलं की तो सरळ लागत नाही, ही खरी अडचण. इंदिरा गांधींचंच घ्या. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे जातीने हजर राहिलेल्या सरकारप्रमुख त्या एकट्याच. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण बांधायचा राज्याचा हट्ट होता. तो प्रकल्प अखेर त्यांच्या आग्रहामुळे सोडून दिला गेला आणि ते जंगल वाचलं.

आणि १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती? आणीबाणीत नागरिकांचे हक्क आणि न्यायालयांचे अधिकार छाटणारी ती हीच दुरुस्ती. त्याच दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ४८अ घातलं, पर्यावरणाचं आणि वनांचं रक्षण हे राज्यसंस्थेचं कर्तव्य ठरवलं, आणि वनं व वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत नेऊन केंद्राला त्यांत हात घालायची वाट करून दिली. ज्या न्यायालयांचे पंख कापले जात होते, त्यांनीच पुढे या कलमाचा आधार घेत नद्या आणि जंगलांच्या बाजूने निकाल दिले. या कागदाचं काय करायचं? माझं उत्तर असं, की दोन्ही नोंदी ठेवायच्या आणि त्यांची वजाबाकी करायची नाही. ४८अ मुळे आणीबाणी धुऊन निघत नाही. आणीबाणीमुळे ४८अ बाटत नाही.

चांगल्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हेही त्याच पानावर लिहायला हवं. मेळघाटात वाघासाठी गावं उठली ती कोरकू आदिवासींची. पाचशे मीटरांच्या नियमाने हॉटेलवाल्याला जसं अडवलं, तसं पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळ्यालाही स्वतःच्या घरावर मजला चढवताना अडवलं. वाघ आणि पुळण या साऱ्या देशाच्या ठेवी. त्या राखण्याचा भार मात्र सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसांवर पडला. इंदिरा गांधींचं कौतुक करणाऱ्याने हे गाळलं, तर ते कौतुक अर्धवट राहतं.

किनाऱ्याच्या याच गोष्टीतला दुसरा माणूस जयराम रमेश. मे २००९ ते जुलै २०११, जेमतेम दोन वर्षं ते केंद्रात पर्यावरण मंत्री होते. जनुक बदललेल्या बीटी वांग्याला परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी त्यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली. बियाणं जालन्याच्या महिको कंपनीचं होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या लवासा या नव्या शहराला नोटीस गेली. जानेवारी २०११ मध्ये कुलाब्याची ३१ मजली 'आदर्श' इमारत सीआरझेडचा भंग म्हणून पाडून टाकण्याचा आदेश निघाला. १९८१ चं ते पत्र तीस वर्षांनी असं मुंबईत येऊन पोचलं.

पण सहीचा हात तोच. नोव्हेंबर २०१० मध्येच त्यांनी नवी मुंबई विमानतळाला हिरवा कंदील दाखवला. त्या जागेवर कांदळवनं होती, उलवे टेकडी होती, उलवे नदी होती. टेकडी सुरुंगांनी उडवली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. नोव्हेंबर २०१० च्याच शेवटी रमेश यांनी ३५ अटी घालून जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या अणुऊर्जा प्रकल्पाला मंजुरी दिली. अणुभट्ट्या फ्रान्सकडून यायच्या होत्या आणि फ्रान्सचे अध्यक्ष काही दिवसांत भारतात येणार होते. माडबनच्या आणि साखरी नाट्याच्या लोकांचा विरोध दिल्लीला ठाऊक नव्हता असं नाही. एप्रिल २०११ मध्ये नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. जैतापूरची मंजुरी चुकीची होती असं मला वाटतं, आणि 'आदर्श'चा आदेश लिहिणाऱ्याच माणसाने ती दिली याचं जास्त वाईट वाटतं.

असं असूनही मी रमेश यांना शाबासकी देतो, ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी. मोठे निर्णय देताना त्यांनी कारणांसह लेखी आदेश काढले आणि ते लोकांसमोर ठेवले. कोणता सल्ला मानला, कोणता बाजूला सारला, कुठे तडजोड केली, हे त्यात वाचता येतं. जैतापूरवर त्यांच्याशी भांडायला लागणारा दारूगोळा त्यांच्याच कागदांत सापडतो. स्वतःवरच्या टीकेची सोय स्वतःच करून ठेवणारा मंत्री दुर्मीळ असतो. जिथे कारणं लिहिलेलीच नसतात तिथे स्तुती खुशामत होऊन बसते आणि टीका संशय.

याची उलट बाजू पश्चिम घाटाने पाहिली. रमेश यांनीच २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. ऑगस्ट २०११ अखेर अहवाल आला तेव्हा रमेश ग्रामविकास खात्यात गेले होते. पर्यावरण मंत्रालयाने अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकारात तो मागावा लागला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांच्या हाती पडला. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली. गाडगीळांनी सगळाच घाट संवेदनशील मानला होता, या समितीने तो भाग सुमारे ३७ टक्क्यांवर आणला. या छाटणीवर एका तरी मंत्र्याचं नाव तुम्हाला आठवतं का? जे केलं नाही त्याची टीका कुणाच्या नावावर चढत नाही, म्हणून न करणंच सगळ्यात सुरक्षित होऊन बसतं.

किनाऱ्याची रेषाही जिथे होती तिथे राहिलेली नाही. ग्रामीण किनाऱ्यावर त्या पाचशे मीटरांतली पहिली २०० मीटरची पट्टी पूर्ण बांधकामबंदीची होती; जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या भागांत ती ५० मीटरवर आणली. 'आदर्श' पाडायचा आदेश २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि इमारत उभीच राहिली.

पश्चिम घाटाचं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला, सहावा जुलै २०२४ मध्ये. त्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. राज्यांच्या हरकतींमुळे हे घोडं अडत आलं, आणि हरकती घेणारी माणसं तुमच्याच मतांवर निवडून येतात. पुढच्या ५ जूनला तुमचे आमदार किंवा खासदार रोप लावायला आले, तर टाळी वाजवण्याआधी त्यांना विचारा, घाटाच्या मसुद्यावर तुम्ही कोणती बाजू घेतलीत? आणि उत्तर लेखी मागा.