‘लेकराचं पोट उडून राह्यलं!’

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातलं पैनगंगेकाठचं गाव. या जिल्ह्यात माणसाची ओळखच ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ अशी होते, आणि घाट उतरला की बोलीही बदलते. देऊळघाटात बाळाचे ‘डोळे’ येतात, तर खाली खामगाव-शेगावकडे ‘डोये’. गावात मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. त्यामुळे एका घरात जो गोवर, तोच शेजारच्या घरात खसरा. गालफुगीला उर्दू घरांत गलसुए म्हणतात आणि डांग्या खोकल्याला काली खाँसी.

अशा बोलीशब्दांची दखल कोशकारांनी घेतली आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. दाते-कर्वे मंडळींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२-१९३८) तर वऱ्हाडी, खानदेशी, गोमंतकी शब्दांना प्रांताच्या खुणा जोडलेल्या आहेत. पण आई कोणत्या क्षणी कोणता शब्द उच्चारते, हे कोशात सापडत नाही. आणि बाळाचा जीव अनेकदा त्या क्षणावरच अवलंबून असतो.

‘लेकराचं पोट उडून राह्यलं’ हे वऱ्हाडातल्या आईचं वाक्य घ्या. तापलेलं बाळ अंगावर प्यायचं सोडतं, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला पोट वर येतं आणि बरगड्यांखाली खळगा पडतो. उर्दू बोलणारी आई याला ‘पसली चल रही’ म्हणते. डॉक्टर न्यूमोनियात नेमका हाच खळगा शोधतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याचे ५० आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका समजायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. आकडेमोड न येणाऱ्या दायांसाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन बनवलं. बालमृत्यू घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गावातली माणसं हा आजार ओळखू शकतात, हे तिथे सिद्ध झालं.

‘माता’ या शब्दाची गोष्ट वेगळी. तो आधी देवीच्या रोगासाठी होता. देवीचा भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. देवी गेल्या, माता मात्र राहिली. आता कांजण्या आल्या तरी ‘माता निघाली’ म्हणतात, काही घरांत गोवरालाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, परक्याला उंबऱ्याबाहेर थांबवतात. या पाळणुकीमुळे रुग्ण आपोआप वेगळा राहतो, हा तिचा मोठा गुण. पण माता कोपेल म्हणून औषध टाळलं, तर गोवरानंतरचा न्यूमोनिया आणि जुलाब बाळाला गाठतात. अशा वेळी अ जीवनसत्त्वाची मात्रा डोळे वाचवते, जीवही वाचवते.

काही शब्द तर थेट घातक उपचाराकडे नेतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, बाळाच्या फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला ‘डंबा’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके आढळले. ‘डंबा दिला का?’ हे त्याच शब्दात, आवाज न चढवता विचारणारी कार्यकर्ती असेल, तर आई खरं सांगते आणि पुढचा चटका टळू शकतो.

घरी दगावलेल्या बाळाच्या मृत्यूचं कारणही आईवडिलांना विचारूनच ठरवतात. आई ‘पोट उडत होतं’ म्हणाली आणि कागदावर नुसता ‘ताप’ उतरला, तर एक न्यूमोनिया मोजणीतून निसटतो आणि त्यावरचं औषध गावात ठेवण्याची गरजही कुणाला दिसत नाही. म्हणून प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात त्या पंचक्रोशीतल्या आजारांच्या नावांची वही हवी. मराठी, उर्दू, कोरकू, जी बोली असेल तिच्यातली. ती गावातल्या आशाताईंनी आणि म्हाताऱ्या बायांनी मिळून भरावी. नवा डॉक्टर रुजू झाला की पहिल्याच दिवशी ती त्याच्या हाती पडावी, आणि आई बोलली तो शब्द आधी जसाच्या तसा लिहून मगच त्याने निदान लिहावं.