जुनी छोटी गाडी: पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

जुन्या गाड्यांच्या आवारात एकाच सालच्या दोन स्विफ्ट उभ्या असल्या, एक पेट्रोलची आणि एक डिझेलची, तर विक्रेता बहुधा आधी डिझेलचं दार उघडतो. ‘नवी असताना ही लाखभर महाग होती, आता बघा कितीला मिळतेय, आणि अ‍ॅव्हरेज वीसच्या वर!’ बोलणं खोटं नसतं. फक्त तो पहिल्या मालकाचा हिशेब असतो. दुसऱ्या मालकाचा हिशेब वेगळा पडतो, कारण इंधनातली बचत बरीचशी पहिल्याच्या खिशात गेलेली असते आणि दुरुस्तीची पाळी दुसऱ्यावर येते. म्हणून इंजिन निवडताना पंपावरच्या दराआधी दोन गोष्टी पाहाव्यात: आपलं वर्षाचं रनिंग किती आणि गाडीचं वय किती.

बाजारात एवढी डिझेल कुठून आली?

जून २०१०मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले. डिझेलवरचं नियंत्रण मात्र ऑक्टोबर २०१४पर्यंत राहिलं. मधल्या चार वर्षांत दोन्ही इंधनांच्या दरांत मोठी दरी पडली आणि गिऱ्हाईक डिझेलकडे वळलं. फियाटच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनावर तेव्हा स्विफ्ट, डिझायर, रिट्झ आणि इंडिका व्हिस्टा अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या गाड्या धावत होत्या. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही हे इंजिन बनत असे.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ प्रदूषण मानकं लागू झाली. छोट्या डिझेल इंजिनाला त्यात बसवणं महाग पडत होतं, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. त्यामुळे आज हाती येणारी छोटी डिझेल गाडी बहुतेक वेळा २०२०च्या आधीची, बीएस-४ किंवा त्याहून जुनी असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. ती संपली की आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. २०१३ची गाडी घेणाऱ्याने २०२८ लक्षात ठेवूनच किंमत बोलावी.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी फारच स्वस्त दिसली तर त्यालाही कारण असतं. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन बंधनं आल्यापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपल्याकडचा रस्ता कर लागतो. हा खर्च विक्रेत्याच्या आकड्यात धरलेला आहे का, ते आधी विचारावं.

आत काय चालतं?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबलं जातं आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे नुसती हवा सोळा-सतरा पट दाबतात. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तशी ही हवा तापते, फक्त कितीतरी जास्त. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की ते आपोआप पेट घेतं.

या एका फरकातून बाकीचे फरक निघतात. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँक जाडजूड असतात. नीट ऑइल बदललेलं डिझेल इंजिन दोन लाख किलोमीटर सहज काढतं, ही गॅरेजमधली ख्याती खरी आहे. जास्त दाबामुळे इंधनातून काम जास्त निघतं, अ‍ॅव्हरेज वाढतं आणि कमी फेऱ्यांवरच ओढ मिळते. चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना ही ओढ जाणवते.

खर्च येतो तो इंजिनाभोवतीच्या जोडकामात. साध्या पेट्रोल इंजिनाचे इंजेक्टर तीन-चार बारच्या दाबावर काम करतात, डिझेलच्या कॉमन रेलमध्ये तोच दाब हजार बारच्या वर जातो. इतक्या बारीक कामाच्या इंजेक्टरला पाणी किंवा कचरा मिसळलेलं डिझेल सोसत नाही. त्यात टर्बो आणि धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह आला. ओढ जास्त म्हणून क्लचवरही भार जास्त. इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं की पाच आकडी बिल ठरलेलं.

बीएस-६ डिझेलमध्ये याखेरीज काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन ठरावीक वेळाने धुराचं तापमान वाढवतं. गाडी महामार्गावर वीसेक मिनिटं सलग धावली की हे काम उरकतं. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई एवढ्याच फेऱ्या असतील तर ते अर्धवट राहतं, जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. २०२०नंतरची नियॉस, अल्ट्रोझ किंवा अमेझ डिझेलमध्ये पाहत असाल तर आपलं रोजचं अंतर आधी आठवा.

सीएनजी म्हणजे पेट्रोलचीच गाडी

सीएनजीचं इंजिन वेगळं नसतं. टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला वायू रेग्युलेटरमधून दाब कमी करून पेट्रोलच्याच इंजिनात सोडतात. वायू आत जागा व्यापतो, तेवढी हवा कमी शिरते आणि ताकद घटते. वॅगनआरचं एक लिटरचं नवं इंजिन पेट्रोलवर सुमारे ६७ पीएस देतं, सीएनजीवर ५७. शहरातल्या सपाट रस्त्यावर फरक विसरायला होतो. एसी लावून, भरल्या गाडीने वरंधा घाट चढताना गिअर एक खाली आणावाच लागतो.

कंपनीने बसवलेलं किट आणि बाहेर बसवलेलं किट यांत मोठा फरक आहे. वायू कोरडा जळतो, पेट्रोलच्या थेंबांनी मिळणारा गारवा व्हॉल्व्हला मिळत नाही. कंपनीच्या गाडीत त्यासाठी सहसा जास्त कठीण व्हॉल्व्ह सीट आणि वजन पेलणारं सस्पेन्शन दिलेलं असतं. मारुतीने अशा गाड्या २०१०मध्ये आणल्या, टाटाने टियागो आणि टिगोरमधून २०२२मध्ये. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद आहे का आणि विमा पॉलिसीत किटचा उल्लेख आहे का, हे बघायलाच हवं. नोंद नसेल तर अपघाताच्या दाव्यात अडचण येते.

टाकीची तपासणी, म्हणजे हायड्रोटेस्ट, दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते. ६० लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला. डिकी बरीचशी जाते. मुंबईत महानगर गॅस आणि पुण्यात एमएनजीएलचे पंप आहेत, पण रांगही असते. गावाकडच्या नेहमीच्या वाटेवर पंप नसेल तर डिकी घालवून पेट्रोलवरच गाडी चालवायची वेळ येईल.

पेट्रोल: साधं, पण सगळं सारखं नाही

छोट्या पेट्रोल गाड्यांची इंजिनं १२०० सीसीच्या आतच का, याचं उत्तर २००६च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरहून लांब नसलेल्या आणि पेट्रोल १२००, डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना तेव्हा उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी इंजिनं त्याच मापाने बेतली. यांतली चार सिलिंडरची १.२ लिटरची इंजिनं, जुन्या स्विफ्टचं के-सिरीज किंवा ग्रँड आय१०चं कप्पा, शांत चालतात. अल्टो के१० किंवा टियागोच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर असते, तो बिघाड नव्हे. दोन्ही प्रकार गावातल्या मेकॅनिकच्या हातातले आहेत, पार्ट कुठेही मिळतात.

एक लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं चालवायला मजेदार असतात. पण टर्बोला वेळच्या वेळी आणि सांगितलेल्या दर्जाचं ऑइल लागतं. सर्व्हिसची पूर्ण नोंद नसलेली टर्बो पेट्रोल गाडी सोडून द्यावी.

इथेनॉलचाही विचार हवा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याला सोसतील असे बनवलेले असतात. त्याआधीच्या गाडीत ते तपासून, लागल्यास बदलून घ्यावेत. जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज अशा पेट्रोलवर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच दिलेला आहे.

वहीत मांडायचा हिशेब

हिशेबापुरतं धरू: पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १६, डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज २०, सीएनजी किलोला ८४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज २४. मग किलोमीटरला पेट्रोल साडेसहा, डिझेल साडेचार आणि सीएनजी साडेतीन रुपये पडतं. आपल्या पंपाचे दर घालून हीच गणितं पुन्हा करा.

वर्षाला सहा हजार किलोमीटर, म्हणजे महिन्याला पाचशे, चालवणाऱ्याची डिझेलमुळे १२ हजारांची आणि सीएनजीमुळे १८ हजारांची बचत होते. डिझेलची चार-पाच वर्षांची बचत एका इंजेक्टर सेटमध्ये किंवा टर्बोच्या कामात वाहून जाऊ शकते. वर्षाला वीस हजार किलोमीटर असतील तर हेच आकडे ४० आणि ६० हजार होतात आणि चित्र उलटतं. शिवाय मागताहेत त्या किमतींतला फरक वर्षाच्या बचतीने भागून पाहा. उत्तर तीन वर्षांच्या वर गेलं तर साधं पेट्रोल बरं.

टोकन देण्याआधी

गाडी थंड असताना सुरू करून दाखवा म्हणावं. आपण पोचेपर्यंत बॉनेट गरम असेल तर काही तरी झाकलं जातंय, असं समजावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरत असण्याचा संभव आहे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर जोरात फसफसत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लवकरच काळं होतं, त्यावरून मत बनवू नये.

डिझेल गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून पाहावी. फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. टर्बोची हलकी शीळ चालते, कर्कश ओरडणं चालत नाही. दहा वर्षांच्या डिझेलवर चाळीस हजारच किलोमीटर दिसले तर संशय घ्यावा, कारण डिझेल घेणारा फिरण्यासाठीच घेतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागाव्यात. सीएनजी गाडी दोन्ही इंधनांवर चालवून पाहावी, कारण वर्षानुवर्षं फक्त गॅसवर पळवलेल्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर तुंबलेले सापडतात. इंजिन नंबर आरसीशी जुळवावा.

सारांश असा. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आणि बहुतेक शहरात फिरणार असाल तर साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल घ्या. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर आणि वाटेवर पंप असेल तर कंपनीची सीएनजी. महामार्गावर सतत लांबचा प्रवास असेल, हाताशी डिझेलचा जाणकार मेकॅनिक असेल आणि गाडीची नोंदवही पूर्ण असेल, तरच जुनं डिझेल घ्या. आणि यांपैकी काहीही ठरलं तरी टोकनचे पैसे देण्याआधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा. विक्रेता त्याला नाही म्हणाला, तर गाडीही नको म्हणा.