विजेविना आठवण ठेवणारी चिप

हाफिज मुलगा पाठ केलेले पारे पक्के राहावेत म्हणून रोज दौर करतो. संगणकाच्या रॅमलाही असाच दौर लागतो. तिच्या कप्प्यांतला विद्युतभार सतत गळतो. तो साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की दौर थांबतो आणि सेव्ह न केलेले लिखाण जाते. मोबाइलमधली फ्लॅश मेमरी विजेविना आठवण ठेवते. पण ती रॅमहून फार संथ, आणि वारंवार लिहिल्याने झिजते.

दोहोंचे गुण एकत्र आणण्याच्या तीन प्रमुख वाटा आहेत. एमरॅममध्ये चुंबकाची दिशा 0 किंवा 1 दाखवते. ती वेगवान व टिकाऊ, पण महाग. तिच्यात माहितीही कमी मावते. फेज-चेंज मेमरीत एक पदार्थ तापवून कधी स्फटिकासारखा, कधी काचेसारखा करतात. त्या उष्णतेला वीज जास्त लागते. रीरॅममध्ये पातळ थरात सूक्ष्म वाहक धागा जोडला-तोडला जातो. रचना सोपी, पण प्रत्येक धागा सारखाच बनत नाही.

इंटेल व मायक्रॉन यांनी 2015 मध्ये 'थ्रीडी एक्सपॉइंट' जाहीर केली. ती फ्लॅशहून वेगवान होती, पण महाग. 2022 मध्ये इंटेलने तो व्यवसाय आवरता घेतला.

म्हणजे आपल्या घरात अजून रॅम आणि फ्लॅशच आहेत. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या पेनड्राइव्हमधला भारही ओसरू शकतो. निकाहाचे फोटो, मुलांचे दाखले यांची दुसरी प्रत ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहा. दौर आपल्यालाही चुकलेला नाही.